पणजोबांचं राजवाड्यातलं आसन

माझ्या धाकट्या भावाला सरकारी नोकरी नाही, एवढं एक सोडलं तर असा मुलगा विदर्भात दुसरा झाला नाही. कळमेश्वरच्या कारखान्यात शिफ्टला जातो, तंबाखूचा खर्राही खात नाही. पण 'कारखाना' म्हटलं की मुलीकडच्यांना आमचा चहा कडू लागायचा. इतक्या जणांनी "कळवतो" म्हणून सांगितलं होतं की फोन वाजला की आई देवघरात पळायची. म्हणून नरखेडकडचं स्थळ आलं तेव्हा मी नोकरीचा विषयच निघू दिला नाही. सरळ घराणं काढलं. आमचे पणजोबा नदीकाठच्या राजवाड्यात दिवाण होते, त्यांना विचारल्याशिवाय राजा विडासुद्धा तोंडात घालत नसे, असं सांगून टाकलं. सांगता सांगता मलाच भरून आलं.

मुलीचे वडील अबोल. निर्णय त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे मुलीच्या आत्याचा. ही बाई बोलायला लागली की शेजारच्या वावरातला पंप आपोआप बंद पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती म्हणाली, "राजवाड्याचं आता म्युझियम झालं म्हणतात ना? मंग चला. दिवाणजी कुठं बसत, तेवढं दाखवा. पोरगी द्याची तं पाहूनच देऊ."

रविवारी सगळे गेलो. नदी दिसायच्या आधी नाकाला भेटली. आत तलवारी, पगड्या, आणि पेन्शन अडकल्यासारख्या चेहऱ्याचा पेंढा भरलेला वाघ. प्रत्येक काचेपुढे आत्याबाई थांबत. "याच्यातलं तुमचं कोणतं, भाऊ?"

"आमचं सगळं त्या काळीच राजाले देऊन टाकलं," मी म्हणायचो. "पणजोबांचा स्वभावच तसा."

अशानं राजवाडा संपत आला. शेवटी मागच्या अंगाला, नदीकडे तोंड केलेला एक दगडी चौथरा दिसला. वर चढायला पायऱ्या, बसून बसून गुळगुळीत झालेला दगड, त्यावर पाल्याचा ढीग. पाटी नव्हती. मला देव पावला.

"हे त्यांचं आसन," मी म्हणालो. "रोज पहाटे इथं बसून राज्याचा विचार करत. त्या वेळी कोणी जवळ आलेलं त्यांना खपत नसे."

आईला आपल्या आजेसासऱ्यांबद्दल हे पहिल्यांदाच कळत होतं. तिचे डोळे भरले. पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढून तिनं दगडाला बोटं लावली आणि डोकं टेकवलं. ते पाहून खापरखेड्याहून सहलीला आलेल्या बायकांनी रांग लावली. कोणी केळं ठेवलं, कोणी नवस बोललं. पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, तर त्यांना वाटलं आरती सुरू झाली. आणखी थोडा वेळ मिळता तर मी तिथं कळस चढवला असता.

आत्याबाई मात्र वाकल्या नाहीत. त्यांनी छत्रीच्या टोकानं पाला सारला.

"भाऊ, मधात हे भोक काहून आहे?"

"हवा खेळाले."

"अन् खालून नाली निघून थेट नदीत गेली, ते?"

आईनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं. भाऊ नदीकडे असा पाहू लागला की मी त्याचा शर्ट धरून ठेवला. मुलीचे वडील चपलेकडे बघत राहिले. हेही स्थळ नदीत गेलं, असं मी मनात धरलं.

आत्याबाईंनी छत्री टेकली. "म्हणजे ते हेच दिवाणजी होय," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आमचे पणजोबा याच वाड्यात होते ना. रोज पहाटे एका दिवाणजीले लोटा नेऊन देत. मंग ओळख जुनीच निघाली की. अन् तू चपलेकडे काय बघून राहिला रे? तारीख काढ."

लग्न झालं. आता कुठल्याही कार्यात आत्याबाई पाहुण्यांना सांगतात की तो लोटा चांदीचा होता. मी शेजारी बसून मान हलवतो. सोयरिक आहे, निभवावी लागते.