पिवळ्या फ्रॉकचं दुपटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही. देवापुढे बसते तेव्हा देवालासुद्धा नाही — त्याला ठाऊक असेल तर असेल, मी आपण होऊन तोंड उघडलेलं नाही. आता तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच बरं.

आधीच सांगून ठेवते, मी चौथी शिकलेली बाई आहे. घोळवून लिहिता येत नाही. आणि रडगाणंही गाणार नाही. जे केलं ते मी केलं, कुणी हात धरून करवून घेतलेलं नाही.

हे ओहायोत टायरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि महिन्याभरात एक जुनी आरव्ही घेऊन दारात उभे! आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. अभय, आमचा मुलगा, टेक्सासमध्ये अर्विंगला असतो. तो फोनवर हसला. म्हणाला, "आई, बाबांनी घराला चाकं लावली. आता भांडलीस तर जाशील कुठे?" मी म्हटलं, "मी नाही जाणार. त्यांना उतरवून देईन."

ह्यांचं म्हणणं एवढंच होतं — आपल्याबरोबर या देशात आलेली माणसं चारी दिशांना गेली, गुडघे चालतायत तोवर एकदा सगळ्यांना भेटून घेऊ. मला पटलं. हे चालवायचे, मी मांडीवर नकाशाचं पुस्तक घेऊन बसायचे. इंग्रजी वाचायला मला जड जातं, पण इथे रस्त्यांना आकडे असतात, आणि आकडे मला कळतात. दोन वळणं चुकली सगळ्या प्रवासात, आणि दोन्ही ह्यांनी माझं ऐकलं नाही म्हणून.

आपल्या माणसांची एक रीत आहे. कुणी कुठे निघालं की त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं. "जातच आहात, तर एवढं पोचवा." नॅशव्हिलच्या घरून मेतकूट, अटलांटाला द्यायला. अटलांटाहून चकल्या आणि एक पैठणी. लुइझियाना येईपर्यंत आमच्या आरव्हीतल्या नहाणीत उभं राहायला जागा उरली नव्हती, नुसत्या बरण्या आणि पिशव्या. मी प्रत्येकीवर मराठीत नाव लिहून चिकटवायचे. लोक म्हणायचे, काकू पोस्टापेक्षा बऱ्या. होतेच मी बरी. एक बरणी फुटली नाही, एक पिशवी चुकीच्या घरी गेली नाही.

सगळं पोचलं — एक सोडून.

आता कुमुदचं सांगते. ती नाही सांगितली तर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही ओहायोत आलो तेव्हा एकाच इमारतीत राहायचो, ती वर, मी खाली. तिला इंग्रजी यायचं, मला स्वयंपाक. ती माझी पत्रं वाचून दाखवायची, मी तिच्या मुलीला, मंजूला, भरवायचे. पुढे कुमुदच्या नवऱ्याला तेलकंपनीत नोकरी लागली आणि ते शुगर लँडला गेले, ह्यूस्टनजवळ. कुमुदच्या हातात शिवणाची कला होती. माझ्या हातात नाही. सुई मला कधी वळलीच नाही. ह्यांच्या शर्टाची बटणं हे स्वतः लावतात, चाळीस वर्षं. कुमुद चिडवायची, "तू टाका घातलास की कापडाला ताप येतो."

आम्ही शुगर लँडला पोचलो तेव्हा त्या घरात मंजूचं नाव निघत नव्हतं. तिनं कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला, ऑफिसातल्या एका चिनी मुलाशी कोर्टात जाऊन लग्न केलं होतं, घरी न सांगता. भाऊजींनी, म्हणजे कुमुदच्या नवऱ्यानं, सांगून टाकलं होतं — या घरातून तिला फोन जाणार नाही, तिचा आला तर घ्यायचा नाही. कुमुदनं ऐकलं. का ऐकलं, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. भाऊजी वामकुक्षीला गेले, हे गाडीचं तेल बघायला बाहेर गेले. कुमुदनं मला मागच्या खोलीत नेलं आणि कपाटाच्या तळातून एक कापडी पिशवी काढली. आत अख्खा बाळंतविडा. झबली, टोपरी, एक कुंची, चार दुपटी. सगळं हातानं शिवलेलं, आपल्या जुन्या मऊ साड्यांचं. मंजूला आठवा लागत होता, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. एका दुपट्याच्या मधोमध पिवळ्या कापडाचा मोठा चौकोन होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. मी लगेच ओळखला. मंजूचा फ्रॉक. त्याच फ्रॉकवर मी तिला वरणभात सांडताना पाहिलं होतं.

कुमुद म्हणाली, "हे तिच्या हातात दे. आणि सांग, मी एक मोबाइल घेतलाय, ह्यांना माहीत नाही. आमच्याकडे दुपारी दोननंतर हे झोपतात. तेव्हा कर म्हणावं फोन. रोज वाट बघीन." नंबरचा कागद तिनं कुंचीत खोचला. "बाकी लिहून काय उपयोग," म्हणाली, "तिला मराठी वाचता येत नाही, आणि इंग्रजीत मला हे लिहायला जमत नाही. तू तोंडी सांग."

मी म्हटलं, "सांगते." आणि सांगणारच होते. इथपर्यंत मी चांगली बाई आहे. बघा, पटतंय का?

तिथून आम्ही अर्विंगला आलो, अभयकडे. आमच्या सुनेला, केतकीला, सातवा संपत आलेला. विहीणबाई पुण्याहून येऊन राहिल्या होत्या. त्या कॉलेजात शिकवायच्या. स्वभावानं चांगल्या, हे मला मान्य करायला हवं. मला कधी खाली बघायला लावलं नाही त्यांनी. मीच त्यांच्यासमोर ताठ बसायचे, आणि बोलण्याआधी दोनदा विचार करायचे, आणि त्याचाच मला राग यायचा. त्यांनी बाळासाठी विणलेले स्वेटर सोफ्यावर मांडलेले. बारीक लोकर, पानापानांची नक्षी. मी काय आणलं होतं? डिंकाचे लाडू. ते चांगले झाले होते. पण लाडू खाऊन संपतात.

केतकी आरव्हीत लोणच्याची बरणी आणायला गेली. किती वेळ झाला तरी येईना. मग आली ती कुमुदची पिशवी पोटाशी धरून. त्या पिशवीवर मी नाव चिकटवलं नव्हतं. भाऊजींना दिसू नये म्हणून कुमुदनंच नको म्हटलं होतं.

"आई!" केतकी म्हणाली, "तुम्ही शिवलंत हे सगळं? आणि एका शब्दानं बोलला नाहीत?"

विहीणबाईंनी दुपटं हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू पाहिली. शिवणातलं कळणारी बाई आधी मागची बाजू बघते. म्हणाल्या, "काय टाके आहेत हो! मशीनला जमणार नाहीत."

मी म्हटलं, "हो."

हेच ते. एवढंच. तुम्ही म्हणाल, एक अक्षर — ते परत घ्यायला किती वेळ लागतो? काही वेळ लागत नाही. केतकी वाकली, पोट सांभाळत माझ्या पाया पडली, तेव्हा घेता आलं असतं. जेवताना घेता आलं असतं. आम्ही तिथे नऊ दिवस होतो. संध्याकाळी हे आले, केतकीनं त्यांना दुपटी दाखवली. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ही काही सांगत नाही कधी. असंच आहे हिचं." मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. मला बरं वाटत होतं — हेही लिहून टाकते. लाज वाटत नव्हती त्या वेळी. बरं वाटत होतं.

नंबरचा कागद मी केतकीच्या हाती लागायच्या आधी कुंचीतून काढला. फाडला नाही. पर्समध्ये ठेवला. फाडला नाही म्हणजे मी कोण मोठी? पोचवलाही नाही.

कॅलिफोर्नियापर्यंतच्या रस्त्यात माझं ठरलं होतं. दुपटी गेली, तर निदान निरोप द्यायचा. निरोपाला पिशवी लागत नाही. पण ॲरिझोनाच्या सरळ रस्त्यावर, करायला काही नसताना, माझ्या डोक्यात पुढचं आलं. मंजू फोन करणार. कुमुद पहिलं काय विचारणार? पिवळा फ्रॉक ओळखलास का. मग सगळं उघडं. कुमुदला कळणार मी तिच्या नातवंडाचे कपडे माझे म्हणून मिरवले. तिच्याकडून ते अर्विंगपर्यंत यायला कितीसा वेळ? विहीणबाई काही बोलणार नाहीत. नुसतं एकदा माझ्याकडे बघतील. मला ते नको होतं.

क्युपर्टिनोत मंजूनं दार उघडलं. सात-आठ वर्षांनी बघत होते तिला. "काकू!" म्हणून गळ्यात पडली, पोट मध्ये आलं म्हणून दोघी हसलो. तिचा नवरा साधा मुलगा. ह्यांना घेऊन आरव्हीचं इंजिन बघायला बाहेर गेला, दोघांचं लगेच जमलं. मंजूनं चहा केला, माझ्यासाठी आलं किसून. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत होती. बोलता बोलता थांबली. मग कपाकडे बघत म्हणाली, "शुगर लँडला स्टॉप केलं होतंत ना? आईनं काही... काही सांगितलं का?"

बघा, तिनं माझं काम सोपं करून दिलं होतं. मला विषयही काढावा लागला नव्हता.

मी म्हटलं, "नाही गं. काही म्हणाली नाही. बरी आहे."

"ओके," मंजू म्हणाली. आणि बिस्किटांची ताटली माझ्यापुढे सरकवली. "घ्या ना काकू. तुम्हाला आवडतात ती आणलीत."

मी दोन खाल्ली.

परतीच्या वाटेवर, नेवाडात, कुमुदचा फोन आला. त्या लपवलेल्या मोबाइलवरून. "दिलंस?" मी म्हटलं, "दिलं." "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही म्हणाली नाही." मग म्हणाली, "असू दे. तू नेलंस, एवढं केलंस, खूप झालं."

आईला आणि मुलीला, दोघींना मी एकच वाक्य सांगितलं. दोघींनी विश्वास ठेवला, कारण काकू पोस्टापेक्षा बऱ्या.

तीन वर्षं झाली. मंजूला मुलगा झाला, आमच्याकडे रिया झाली, तीन आठवड्यांच्या अंतरानं. कुमुदनं नातू पाहिलेला नाही. भाऊजी दुपारचे अजून झोपतात. कुमुद माझ्याशी बोलते, तेव्हा दोनच्या आत फोन ठेवते. "लाइन मोकळी हवी," म्हणते. तीन वर्षं! आणि मी म्हणते, "बरं, ठेव." मी वाईट होते असं म्हणून भागत नाही. वाईटपणा त्या एका दिवसाचा असता तर चाललं असतं. मी तो रोज दुपारी नव्यानं केला.

सध्या आम्ही अर्विंगला आहोत. परवा रियाच्या खोलीत गेले. ती आता मोठी झाली, दुपट्यात मावत नाही. पिवळ्या चौकोनाचं दुपटं तिनं बाहुलीला पांघरलं होतं. मी ते काढून घेतलं. रिया म्हणाली, "आजी, दॅट्स माइन."

मी म्हटलं, "नाही. तुझं नाही हे."

तीन वर्षांत या विषयावर मी बोललेलं पहिलं खरं वाक्य. ऐकणारी तीन वर्षांची.

इथल्या मराठी लोकांच्या अंकासाठी केतकी माझं लिखाण टाइप करून देणार आहे. "आई, आरव्हीच्या गमतीजमती लिहा," म्हणाली. हे कागद मी तिच्या टेबलावर ठेवून जाते. ती वाचील. तिची आईही वाचील. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. त्यात मी पडणार नाही.

फोनवर सांगून मोकळं व्हायचं नाही. जे हातात द्यायचं होतं, ते हातातच द्यायचं. कुमुदला मी नंतर सांगेन — तिला लेकीचा आवाज आधी ऐकू दे. काल ह्यांना म्हटलं, गाडी काढा, क्युपर्टिनोला जायचंय. हे म्हणाले, "आत्ता? कशाला?"

मी म्हटलं, "एक निरोप द्यायचा राहिलाय."

हे उठले. बाहेर गेले. आज सकाळी मी पायरीवर उभी होते, हे टायरची हवा बघत होते. खाली बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुपटं घेतलंस का?"

घेतलंय. नंबरचा कागदही घेतलाय, अजून पर्समध्येच होता. हे सगळं मी मराठीत लिहिलंय, आणि मंजूला मराठी वाचता येत नाही. तिला तोंडीच सांगायचंय. तेवढंच तर काम दिलं होतं मला.