मला न विचारता दिलेली बासरी

माझी पहिली शाकुहाची माझ्या नवऱ्यानं त्याच्या मॅनेजरला देऊन टाकली, तेव्हा मी स्वयंपाकघरात त्याच मॅनेजरसाठी पुऱ्या तळत होते. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

शाकुहाची म्हणजे जपानी बासरी. आपल्यासारखी आडवी नव्हे, उभी धरायची. दीड फुटाहून थोडी लांब, समोर चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक, आणि खालचं टोक बांबूच्या मुळाचं, म्हणून जाड आणि गाठाळ. २००३च्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत एका जपानी म्हाताऱ्यानं ती वाजवली. मी तेव्हा शिकागोत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. कुठलीही वस्तू बघितली की ती आतून कशी असेल आणि कुठे बिघडेल, हेच आधी माझ्या डोक्यात येतं. कार्यक्रम संपल्यावर मी जाऊन विचारलं, "ही आतून सरळ पोकळ आहे का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "वाजवतेस?"

"नाही."

"शिकायचंय?"

"वाजवायला नाही. करायला."

"शनिवारी सकाळी ये," ते म्हणाले. "जुने कपडे घालून."

ते दोन स्टेशनं पलीकडे राहत. आयुष्यभर त्यांनी दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये त्याच बारीक कानशी घेऊन बासऱ्या करायला बसले होते. मी त्यांना नागपुरी सवयीनं 'सर' म्हणायचे. त्यांना ते आवडायचं नाही, पण दुसरं काय म्हणायचं तेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिले चार महिने मी फक्त बांबू भाजले. त्यांच्या एका मित्राच्या जॉर्जियातल्या रानातून मुळासकट खणलेले बांबू यायचे. ते विस्तवावर हळूहळू फिरवायचे, म्हणजे सालीवर घामासारखं तेल सुटतं. ते लगेच फडक्यानं पुसायचं. जरा उशीर झाला की काळा डाग, आणि घाई केली की बांबू 'फट्' करून फुटतो. भाजलेले बांबू ते वर्षानुवर्षं वाळवत ठेवत. माझ्या हाताला वळण लागल्यावर त्यांनी मला आधीच वाळलेला एक दिला. ऊब देऊन तो सरळ करताना मी मोडला. दुसरा दिला, तोही मोडला. ते ओरडले नाहीत. तुकडे उचलून शेगडीत टाकले आणि म्हणाले, "पुन्हा."

तिसरा टिकला. मग आतल्या गाठी लांब कानशीनं फोडायच्या, भोकं पाडायची, फुंकायची कड तासायची. आणि त्यानंतर खरं काम. दगडाची पूड आणि एका झाडाचा चीक कालवून त्याचा थर आतून द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, फुंकून ऐकायचं, परत थर द्यायचा. थर कुठे हवा हे कसं कळणार? तर वर्तमानपत्राचा बोटभर तुकडा ओला करून काडीनं आत चिकटवायचा. सूर सुधारला तर तिथे थर द्यायचा, बिघडला तर कागद काढून बोटभर खाली चिकटवायचा. एवढ्याशा कागदानं आख्खी बासरी वेगळी बोलते. मला ते फार आवडलं. आमच्या ऑफिसातही मी हेच करायचे, फक्त तिथे कुणाला ऐकू यायचं नाही.

त्या चिकानं माझं तोंड सुजलं. डोळे बंद, मनगटांवर फोड. फोनवर आईनं वर्णन ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतल्यासारखा प्रकार आहे! कुठे हात घातलास? खोबरेल लाव, आणि परत त्याला शिवू नकोस." सर म्हणाले, सगळ्यांना होतं, दोन आठवडे थांब. नवरा म्हणाला, "असं तोंड घेऊन ऑफिसला जाणार? लोक मला विचारतील." मी हातमोजे घेतले आणि तिसऱ्या आठवड्यात परत गेले.

दीड वर्ष लागलं. २००४च्या डिसेंबरात बासरी जवळजवळ झाली होती. एक भोक अजून थोडं चढं बोलत होतं. सर म्हणाले, "सुट्टीत घरी ने. रोज थोडी फुंक. कुठे अडते ते लिहून आण. हीटरपासून लांब ठेव, पिशवीत." शिकागोच्या थंडीत घराघरातली हवा पापडासारखी कोरडी होते. बांबू त्यात तडकतो.

त्याच सुट्टीत नवऱ्यानं मॅनेजर आणि त्याची बायको यांना जेवायला बोलावलं. आमच्या ग्रीन कार्डचे कागद त्याच्या कंपनीतून जायचे होते, मॅनेजरची सही लागणार होती. मी श्रीखंड केलं, बटाट्याची भाजी केली, पुऱ्या लाटल्या. मॅनेजरनं शेल्फवरची पिशवी बघून काय आहे म्हणून विचारलं असावं. तेवढं मला ऐकू आलं नाही. मी ऐकलं ते नवऱ्याचं इंग्लिश, त्याच्या खास ऑफिसच्या आवाजातलं: "ओह, माय वाइफ मेड इट. प्लीज, टेक इट! शी विल बी ऑनर्ड."

हातातला झारा तसाच घेऊन मी बाहेर आले. मॅनेजरच्या बायकोच्या हातात माझी बासरी होती. "सो स्वीट ऑफ यू," ती म्हणाली.

आणि मी हसले. "यू आर वेलकम," म्हणाले. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

ते गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "कुणाला विचारून दिलीस?"

"अगं, एवढं काय? दुसरी बनव ना. तुझी हॉबीच आहे ती."

"दीड वर्ष लागलंय."

"बांबूच तर आहे यार! सही आपल्या दोघांसाठी हवीय. मी एकट्यासाठी करतोय का हे?"

मी त्याला सांगितलं की ती अजून पुरी झालेली नव्हती. तो म्हणाला, मग तर बरंच झालं, चांगली असती तर जास्त वाईट वाटलं असतं.

जानेवारीत सरांकडे रिकाम्या हातानं गेले. दोन शनिवार बासरी घरी विसरले असं सांगितलं. तिसऱ्या शनिवारी खरं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते चिडले, आणि माझ्यावर चिडले. "अर्धवट वस्तू बाहेर गेली? माझ्या गॅरेजमधून?"

"मी दिली नाही, सर. नवऱ्यानं दिली."

"तू तिथे होतीस ना?"

मी कानस उचलली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "आज तू ज्याला हात लावशील ते मोडशील. जा, घेऊन ये."

मी तशीच निघाले. नवऱ्याला फोन केला नाही. मॅनेजरचं घर मला माहीत होतं. बेल वाजवली, बायकोनं दार उघडलं. आत फायरप्लेस पेटलेली होती आणि तिच्या बरोबर वर, भिंतीवर दोन खिळ्यांवर, माझी बासरी. तोंडापासून दुसऱ्या भोकापर्यंत उभी चीर गेलेली. करंगळीचं नख जाईल एवढी.

"मला ती परत हवी आहे," मी म्हणाले.

तिला कळेना. "पण ते गिफ्ट होतं."

"माझी होती. मी दिली नव्हती."

ती खुर्चीवर चढली, बासरी काढली, माझ्या हातात ठेवली. चेहऱ्यावर हसू होतं, आवाज मात्र बर्फ झालेला. "आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं बिचारीनं मिळालेली वस्तू घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी लावली होती. तरी गाडीत बसल्यावर मला तिचाही राग आला, त्या खिळ्यांचाही.

घरी पोचेपर्यंत नवऱ्याला फोन आलेला होता. तो त्याच ऑफिसच्या आवाजात मॅनेजरची माफी मागत होता. मी दारात उभी आहे हे त्याला दिसत होतं. तरी तो म्हणाला, "शी इज नॉट वेल दीज डेज. यू नो, स्ट्रेस."

मी सुजलेल्या तोंडानं ऑफिसला जात होते तेव्हा मला बरं नव्हतं. त्या दिवशी मी ठणठणीत होते. फोन ठेवल्यावर मी त्याला एवढंच म्हणाले की पुन्हा माझ्या वतीनं माझी तब्येत कुणाला सांगायची नाही. मग महिनाभर आम्ही दूध संपलंय आणि कचरा बाहेर ठेव याशिवाय बोललो नाही.

चीर सरांनी दुरुस्त केली नाही, माझ्याकडून करवून घेतली. चिरेत डिंक भरायचा, सालीत बारीक चर पाडायचे, त्यात रेशमी दोरा ताणून गुंडाळायचा, वरून तोच चीक. दोऱ्याच्या अशा सात पट्ट्या घालाव्या लागल्या. दोरा इतका ताणायचा की बोटं कापतात. राग असला की ते काम चांगलं होतं, हे माझ्या लक्षात आलं, आणि सरांच्याही. चढं भोक शेवटी सुधारलं. त्यांनी स्वतः वाजवून बघितली, परत दिली आणि म्हणाले, "आता दुसरी सुरू कर."

मॅनेजरनं सही केली. तो विषय त्यानं कधी काढलाच नाही. ग्रीन कार्ड आलं, त्या दिवशी नवरा म्हणाला, "बघ, काही झालं का? उगाच घाबरलो." घाबरलं कोण? मी नव्हते घाबरले.

पुढे तो ही गोष्ट पार्ट्यांमध्ये सांगायला लागला. "हिनं एकदा माझ्या बॉसच्या घरावर धाड घातली!" सगळे हसायचे, मीही एकदोनदा हसले. मग २००८मध्ये एका मित्राकडे गणपतीच्या जेवणाला त्यानं परत सुरुवात केली, तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "थांब. मी सांगते." आणि सांगितलं. बांबू, बिब्बा, झारा, 'शी इज नॉट वेल', सगळं. कुणी हसलं नाही. कुणीतरी मठ्ठा हवाय का विचारलं.

यजमानांची आई पुण्याहून आली होती. निघताना त्या काकूंनी मला हळदीकुंकू लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझं शिवणाचं मशीन ह्यांनी नणंदेला देऊन टाकलं होतं. मी नाही गेले मागायला." मी वाकून नमस्कार केला.

नवऱ्यानं गाडी काढली, हायवेला लावली. मग म्हणाला, "एवढं लागलं होतं, तर तेव्हाच सांगायचं ना."

"तेव्हाच सांगितलं होतं."

त्यानं इंडिकेटर दिला, मागे बघितलं, लेन बदलली. मी वाट बघत होते.