दूध रांगेत, थ्रेड झोपेत

माझा स्वभाव तापट. काही अडलं की आधी दुसऱ्याच्या नावानं शंख करायचा, ही खोड. त्या सकाळी ती भोवली, पण मला नाही, मावशीला.

नेवाशाजवळच्या एका गावात मावशी दूध संकलन केंद्र चालवते. तिच्यासाठी मी सावेडीत घरी बसून वेब ॲप्लिकेशन लिहिलं होतं. फॅट मोजलं की पावती छापायची आणि दूध घालणाऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जायचा. आमची माणसं पक्की संशयी. पावती हातात पडून मोबाईल वाजल्याशिवाय कुणी किटली रिकामी करत नाही. म्हणून मी अक्कल चालवली: मेसेज पोचला तरच पावती छापायची. नसेल पोचला तर प्रोग्रामनं पाच सेकंद झोपायचं, उठून पुन्हा बघायचं. मावशीकडे हे झकास चाललं. तिनं शब्द टाकला आणि आसपासच्या साठेक केंद्रांनी तेच घेतलं.

त्या सगळ्यांचा पहिला दिवस होता, म्हणून मी मावशीकडेच थांबले होते. साडेसहाला पावत्या अडकल्या. स्क्रीनवर नुसती चकरी फिरतेय. रांग रस्त्यावर गेली. दूध न्यायला आलेला डेअरीचा टँकर आठला सुटणार, आणि मे महिन्यात मागे राहिलेलं दूध दुपारपर्यंत टिकत नाही.

"नेट गेलंय!" मी ओरडले. तपासलंसुद्धा नाही.

मावशी लगेच दारात गेली. "नेट गेलंय हो. पोरगी काय करील? जरा दम धरा."

"दम आमी धरू, दूध धरतंय व्हय?" रांगेतले एक बाबा कडाडले. "तुज्या शब्दावर हिशोबाची वही सोडली बाई!"

मावशी आत येऊन पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली.

मी लॅपटॉप उघडला. नेट चालूच होतं, आणि साठही केंद्रांचं काम ओढणारा एकुलता सर्व्हर निवांत! प्रोसेसरला काम नाही, मेमरी मोकळी. मग मेलं अडलंय कुठं? शेवटी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची यादी काढली. थ्रेड म्हणजे सर्व्हरचा गडी. आलेली एक विनंती हातात घेतली की ती पुरी होईपर्यंत दुसरी घेत नाही. माझ्याकडे असे पन्नास गडी, आणि पन्नासच्या पन्नास एकाच ओळीवर झोपलेले. ती ओळ माझी. एकदम इतके मेसेज सुटल्यानं ते उशिरा पोचत होते, तोवर गडी डुलक्या काढत जागा अडवून बसले होते. न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक घोरतंय आणि बाहेर रांग, तसली गत. त्यात साठ केंद्रांवर लोक बटणं दाबून नव्या विनंत्या आत ढकलत होते.

पावणेआठ झाले होते. मेसेजची वाट बघायचं काम वेगळं काढायला वेळ कुठला! ती ओळच उडवली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. धडाधड पावत्या निघायला लागल्या.

"मोबाईल मागनं वाजंल," मावशी रांगेला म्हणाली. "वता दूध. मी हाय ना!"

बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि किटली ओतली. मग बाकीच्यांनीही ओतल्या. टँकरवाला हॉर्नवर हॉर्न मारत दहा मिनिटं थांबला आणि निघाला. मावशीनं सगळ्यांना पुढे घातलं होतं. तिच्या स्वतःच्या दोन किटल्या तेवढ्या राहिल्या.

त्या बघून मला रडूच फुटलं. "मावशी, नेट गेलंच नव्हतं गं. चूक माझी होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "माज्या मोबाईलवर सकाळधरनं नेट चालू हाय."

"मग लोकांना खोटं कशाला सांगितलंस?"

"तू भेदरलीवतीस. तवा दूध वाचवायचं का तुला बोलायचं?" तिनं किटल्या उचलून पाण्याच्या हौदात ठेवल्या. "बाबा भाईर बसल्यात अजून. मी खोटं बोलले, आता खरं तू सांग जा."

मी डोळे पुसले आणि बाहेर गेले.