ॲरिझोनाच श्रेष्ठ

जेवण उरकलं, की ॲरिझोनातल्या त्या घरात वैजयंतीला करण्यासारखं काही उरत नाही. पडदे ओढलेले, एसीची घरघर चाललेली, आणि मागच्या खिडकीबाहेर ते गोल्फचं मैदान, ज्याच्यासाठी उपेंद्रनं हे घर घेतलं. घेतलं आणि वर्षाच्या आत तो गेला. आज दुपारी एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. घर विकायचं की नाही हे ते यायच्या आत ठरवायला हवं. ती सोफ्यावर कूस बदलते. घरघर हळूहळू लांब जाते, आणि तिच्या आतून एक बारीक आवाज वर येतो. टक्. मग स्टीलवर आपटल्यासारखा, टण्.

उपेंद्र गालिच्यावर उभा आहे. अंगात पोपटी टी-शर्ट. समोर फुलपात्र आडवं टाकलंय आणि तो काठीनं चेंडू त्यात ढकलतोय.

"पाणी प्यायचं भांडं आहे ते," वैजयंती म्हणते.

"धुतलं की झालं."

सगळा संसार तिनं त्याला 'अहो' म्हणून केला. आज तोंडातून भलतंच निघतं. "अरे, मेल्यावरसुद्धा गोल्फच?"

"मेल्यावर तर मजा आहे, वैजू. गुडघा दुखत नाही." तो पुन्हा नेम धरतो. "मोघ्या काय म्हणतोय? अजून कॅरोलायनाचंच तुणतुणं?"

ती फुलपात्र उचलायला तरातरा उठते. पाय टेकतात ते ओल्या गवतात. गालिचा गेलाय. हे मागचं अंगण आहे, दहाव्याच्या दिवसाचं. झाडाखाली केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवलाय, गुरुजी फोनच्या पडद्यावरून मंत्र म्हणतायत, आणि उपेंद्रचे मित्र उन्हात आकाशाकडे माना वर करून उभे आहेत. कावळा शिवत नाही. डोक्यावर सगळ्यांच्या गोल्फच्या टोप्या.

"काहीतरी राहिलंय त्याचं," कुणीतरी म्हणतं. "इच्छा बोलून दाखवा."

मग मोघे पुढे होतात. वीस वर्षं दर रविवारी पोह्यांच्या बशा हातात घेऊन त्यांनी उपेंद्रशी एकच वाद घातला होता: अमेरिकेत गोल्फला जावं तर कुठे? मोघे म्हणायचे नॉर्थ कॅरोलायना, उपेंद्र म्हणायचा ॲरिझोना. आता ते हात जोडतात. "उप्या, मान्य. ॲरिझोनाच श्रेष्ठ. कॅरोलायना हरली."

झपकन काळा पक्षी खाली येतो आणि पिंडात चोच घालतो. टोप्या उतरतात. लोक डोळे पुसतात. "वहिनी," मोघे वळून म्हणतात, "बघितलंत ना? जीव इथेच अडकला होता त्याचा. हे घर आता विकायचं नाही हं."

तेव्हा वैजयंतीनं मान डोलावली होती. आता ती उपेंद्रकडे वळते. तो तिच्या शेजारी उभा राहून स्वतःचं दहावं बघतोय, आणि हसतोय.

"हसू नकोस."

"अगं, मोघ्यानं हार मानली! जिवंतपणी मानली असती तर पार्टी दिली असती."

"तो कावळा नव्हता."

"हो का?"

"रेव्हन होता, कावळ्याचा थोरला भाऊबंद. शेपटी बघितलीस? उडताना पाचरीसारखी दिसते. कावळ्याची पंख्यासारखी असते. शाळेत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंय मी."

"मला काय सांगतेस! त्यालाच ओळखतो मी. आठव्या होलपाशी गाडीतली सँडविचं पळवतो. भात दिसला, आला. मोघ्या गायत्री म्हणाला असता तरी आला असता."

"मग तुझी इच्छा?"

"माझी कसली इच्छा? ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो मी. भूल दिली होती."

तीन महिने ती मनातल्या मनात एकच गोष्ट चावत बसलीय: हा माणूस गेला, तेव्हा त्याचा जीव गोल्फमध्ये अडकला, माझ्यात नाही. आणि हा तर कशातच अडकलेला नव्हता! ती गाडीत बसते. गाडी कुठून आली कळत नाही. चाक तिच्याच हातात आहे आणि ती वाट दिसेल तिकडे दामटतेय.

"सावकाश," उपेंद्र शेजारी दांडा धरून म्हणतो. "आणि हे बघ, वर्षातले तीनशे दिवस ऊन. हवा कोरडी. चेंडू कसा सुसाट–"

"माझ्या नाकातून रक्त यायचं त्या कोरड्या हवेनं."

"बोलली नाहीस कधी."

"विचारलंस कधी? घराचे फोटो दाखवलेस आणि म्हणालास, बघ. मी म्हटलं, छान आहे. फोटो छान होता!"

"मला वाटलं, तू हो म्हणालीस."

"मी बिनसाखरेच्या चहालासुद्धा छान म्हणते, उपेंद्र!"

दोन्ही बाजूंना आता पाइनची झाडं उभी आहेत, सरळ, उंच, आणि पाऊस नुकताच थांबलाय. वाळूवर तपकिरी सुयांचा जाड थर. चाकांचा आवाज येईनासा होतो. ती गाडी थांबवते, उतरते आणि ओंजळभर सुया उचलते.

उपेंद्र चमकून इकडेतिकडे बघतो. "हे कुठे आणलंस? ही तर मोघ्याची कॅरोलायना!"

"लाँगलीफ पाइन. एका झुबक्यात तीन सुया असतात."

"डास असतात. दमटपणा असतो. उन्हाळ्यात शर्ट अंगाला–"

"गप्प बस!" तिचा आवाज झाडांत घुमतो. ती गाडीतल्या त्याच्या गोल्फच्या पिशवीतून लांबातली लांब काठी उपसते आणि गरगरा फिरवून समोरच्या तळ्यात भिरकावते. डुबुक होतं.

"महागाची होती ती!"

"होती ना."

तो तळ्याकडे बघत राहतो. टी-शर्टचा पोपटी रंग पाण्यात विरघळल्यासारखा फिका होत चाललाय. तो म्हणतो, "वैजू, तुला कुठे राहायचं होतं?"

"आत्ता विचारतोस?"

"आत्ता विचारतोय."

"इथे. पाऊस पडतो तिथे. झाडाखाली. आणि गोल्फ नको."

तो टोपी काढून डोकं खाजवतो. "मग जा. पण मोघ्याला कळू देऊ नकोस. वीस वर्षांचं–"

"परवानगी मागितली नाहीये मी तुझी," ती ओरडते, आणि त्या ओरडण्यानंच तिचे डोळे उघडतात.

एसी. पडदे. घसा दुखतोय. उजवी मूठ आवळलेली आहे, ती उघडायला बोटं आखडल्यासारखी होतात. तळव्यावर सुयांचा एक झुबका पडलाय. तीन सुया, मनगटापासून पार कोपरापर्यंत पोचतील एवढ्या लांब, मुळाशी अजून ओल्या. मैदानापलीकडे नजर पोचेल तिथवर या वाळवंटात निवडुंगच आहे. ती सुया नाकाशी नेते. राळेचा वास येतो. राग ओसरलेला नाही.

बेल वाजते.

एजंटच्या मागून एक म्हातारा गोरा माणूस जवळजवळ पळतच आत येतो, थेट मागच्या खिडकीशी जातो आणि पडदा सारतो. "ऐकलंस का? अगदी मैदानाला लागून आहे!" त्याची बायको दारातच उभी आहे, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"छान आहे," ती म्हणते.

वैजयंती तिच्याजवळ जाते. सुया अजून मुठीत आहेत.

"घर मी विकतेय," ती हळूच म्हणते, "पण तुम्हाला कुठे राहायचंय?"