माझं सिमेंट आणि कड्याचं माळवद

बीड जिल्ह्यातल्या कडा गावाला मी फिरायला नाही, पाप निस्तरायला गेलो. तीन वर्षांपूर्वी माझा मित्र शिवा, तिथला किराणा दुकानदार, फोनवर वैतागला होता, "माळवदावर दरसाल माती टाकायचा लई ताप हाय बे!" माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं पांढऱ्या मातीचं सपाट छत. मी इंजिनिअर, पुण्यात बसून ऐटीत म्हणालो, "सिमेंटचा थर दे, सुटलास." आता दर पावसाळ्यात छत गळत होतं. सोमवारी घर पाडायला जेसीबी येणार होता, आणि स्लॅबच्या नव्या घराचा नकाशा माझ्याच पिशवीत होता.

शिवाजीनगरहून नगर, तिथून बीडची एसटी. मे महिन्यात जाणार असाल तर पहाटेचीच गाडी धरा. अकरानंतर आष्टीच्या माळावर खिडकीतून जे आत येतं, त्याला वारा म्हणत नाहीत.

शिवाचा उंबरा ओलांडला आणि अहाहा! पंखा बंद, तरी गारवा. दोन हात जाड भिंती, आणि छतात उजेडापुरतं ठेवलेलं भोक. येसर आमटी नि भाकरी चापून जी ताणून दिली ती चारपर्यंत. आयुष्यभर इमारती बांधल्या, पण माझ्या एकाही इमारतीत मला दुपारी अशी झोप लागलेली नाही.

उठल्यावर शिवाच्या बायकोनं, महानंदा वहिनींनी, मला स्वयंपाकघरात नेलं. छत काळंठिक्कर, एक तुळई कुजलेली. "पावसात हितं सात पातेली मांडावी लागतात, भावजी." मग शेजारची देवाची खोली दाखवली. तिथवर सिमेंट पुरलं नव्हतं, वर जुनी मातीच होती. खोली ठणठणीत कोरडी!

"सिमेटाला चिरा पडल्या की पाणी आत जातं, अन् आतलं वाळतच न्हाई. मातीची चीर पावसात आपसूक बुजती. घर न्हाई नासलं, तुमचं सिमेट नासलं."

"मग शिवाला सांगितलं का नाहीत?"

"तीन वर्षं सांगायलेय. मी कुठं इंजिनेर हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच दुकानात गेलो. "शिवा, चूक माझी. वहिनी बरोबर आहेत. जेसीबी रद्द कर."

त्यानं हातातलं वजन काट्यावर आपटलं. "म्हंजी तीन वर्षं मी तिलाच येड्यात काढलं की बे!"

दोन दिवसांची रजा आठवडाभर लांबली. सिमेंट छन्नीनं उखडलं, सुतारानं तुळई बदलली, गावाजवळून ट्रॉलीभर पांढरी माती आणली. ढाळ पन्हळीकडे कसा द्यायचा ते वहिनी वरून सांगत होत्या आणि मी निमूट पाट्या ओतत होतो. बीडजवळचं कपिलधारचं देऊळ बघायचं राहून गेलं, तेव्हा फोटो मागू नका. कड्यात असं घर दिसलं तर मात्र विचारून आत जा, दुपारीच जा.

पुण्यात परतलो, एसी लावला, लाज वाटली. आता जुनं घर पाडायचं म्हणून कुणी आलं की मी आधी विचारतो, त्या घरात राबतं कोण? त्या बाईशी बोलल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

श्रावणात वहिनींचा फोन आला. आठ दिवस झड लागली होती. मी घाबरतच विचारलं, "स्वयंपाकघर?"

"सातीच्या साती पातेली मांडणीवर हायत, भावजी."