प्रमिलाबाईंचा गिझर

नवागामच्या त्या तीनमजली चाळीत थंडीभर एकच कुजबुज चालली होती : प्रमिलाबाई बिल कमी यावं म्हणून मीटरला लोहचुंबक लावतात. पहिल्यांदा कोण बोललं ते विचारू नका. नळावर हंडा भरेपर्यंत सगळ्याच बोलून झाल्या होत्या.

संशयाला जागाही होती म्हणा. घरोघरी बादलीत हीटरचा रॉड बुडायला लागला तशी लाईटबिलं सुजली. प्रमिलाबाईंच्या मोरीत मात्र पांढराशुभ्र गिझर, मुलगा धर्मेंद्र पहाटे गाणी म्हणत अंघोळ करतो, आणि बिल एका बल्बाचं असावं तेवढं! गिझर आणला त्या दिवशी बाईंनी हमालाला जिना मुद्दाम सावकाश चढायला लावला होता, सगळ्यांची दारं उघडेपर्यंत. पाहुण्याला आधी गिझर दाखवायचा, मग पाणी द्यायचं, अशी त्या घरची रीत.

शेजारच्या शोभाला मात्र स्वतःच्या खोलीची काळजी लागली होती. दोघी एकाच गावच्या, म्हणून तिच्याच शब्दावर बाईंना ही खोली मिळाली होती. आणि सकाळीच घरमालक प्रवीणभाई दारात येऊन म्हणाले, "शोभाबेन, सांजे वायरमन आणतो. मीटरमध्ये गडबड निघाली तर दोन्ही खोल्या खाली करायच्या. त्यांची पण, तुमची पण."

शोभा आठवडाभर पाळत ठेवूनच होती. ऊन कललं की बाई गच्चीवर जायच्या आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड, पोटाशी धरून खाली आणायच्या. एकदा नाही, दोन-तीन फेऱ्या! समोर कुणी आलं की वरून पदर. लोहचुंबकच, दुसरं काय? मिलमधून आणलं असेल. धर्मेंद्र तिथेच तर कामाला आहे. शोभाच्या डोळ्यांपुढे पोलिसांची गाडीसुद्धा येऊन उभी राहिली.

त्या संध्याकाळी तिने जिन्यातच वाट अडवली.

"अक्का, काय शे त्यात?"

"पापड."

"पापड इतला जड?"

"उडदाना शेतस ना, बाई."

"अक्का, गोधडी सोड. मनं घर जाई तुनापायी!"

खालून प्रवीणभाई वायरमनला घेऊन चढत होते. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा शोभाकडे. शोभाचे डोळे भरून आले होते. बाईंनी सुस्कारा टाकून गोधडीची गाठ सोडली. आत काळा रंग फासलेला पत्र्याचा डबा, झाकण घट्ट लावलेलं. शोभाने हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. बाईंनी झाकण उघडलं, तर आत गरम पाणी.

"पाणी छे?" प्रवीणभाईंचा विश्वास बसेना. "तो पछी गिझर शेना माटे? कशासाठी?"

बाईंची मान खाली गेली. "आत जाऊन बघा," त्या पुटपुटल्या. "पण भाऊ, दार लोटून घ्या."

दार लोटलं खरं, पण वायरमनचं हसणं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

मीटर ठीक होता. लोहचुंबक कधीच नव्हतं. प्रमिलाबाई डब्यांतलं पाणी दिवसभर गच्चीवर उन्हात तापवत आणि सकाळच्या अंघोळीसाठी गोधडीत गुंडाळून ठेवत. गिझरला आणल्या दिवसापासून वायर जोडलेली नव्हती.