आमच्या गाडीतले बाप

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीनंतर शाळा सुटली, त्यामुळं शब्दही साधेच आहेत. मी देवळाली प्रवराहून नगरच्या एका कंपनीत पॅकिंगच्या बायकांना गाडीतून नेतो-आणतो. मला बोलायला जमत नाही, पण कान बंद कसे करणार? किस्से आपोआप साठतात!

*

मंगलताईंच्या मोबाईलवर रोज तुर्कस्तानची सिरीयल चालते, हिंदीतली. त्यातला देखणा बाप एकदा ऐटीत म्हणाला, "मी बायकोला मूल सांभाळायला मदत करतो."

मंगलताई भडकल्या. "मदत? पोरगं शेजाऱ्याचं हाय काय?"

*

दुसऱ्या दिवशी सिरीयलमधला सासरा सुनेला म्हणाला, "नोकरी कर, पण स्वयंपाक तुझाच." सगळ्यात वयस्कर कमलमावशी हळहळल्या, "एवढं विमानानं तुर्कस्तानात जायाचं, अन् उतरायचं परत सासरीच!"

*

एकदा मंगलताईंच्या नवऱ्यावर लेकरू सांभाळायची पाळी आली. कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात, त्यामुळं फोन लागेना. शेवटी तो लेकरू घेऊन गेटवरच आला. वॉचमननं आत निरोप धाडला, "मंगलताई, तुमची दोन पोरं रडत्यात. मोठ्याला मिशा हायत!"

*

मग माझ्यावर आलं. माझ्या बायकोला, अश्विनीला, त्याच कंपनीत बोलावणं आलं. उद्या हजर व्हायचं, नाहीतर दुसरी घेणार. बारावी शिकलेली, दोन वर्षं कामाची वाट बघत होती. बाळ आठ महिन्यांचं. आई म्हणाली, "तू गाडीवर असशील तेवढा येळ बघीन. पुढं माझे गुडघे न्हाई ऐकत."

बातमी गाडीतही पोचली. कमलमावशींनी विचारलं, "आमाला सोडल्यावर दिवसभर काय करतोस रं?"

"घरी येतो. झोपतो."

"मग पोराला तूच घे की."

"बघतो."

"आमचे हे लग्नापासून बघत्यातच!"

सगळी गाडी हसली. माझे कान तापले. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळी घरी आलो तर अश्विनी नकार कळवायला फोन हातात घेऊन बसलेली. म्हणालो, "ठेव तो. जा तू. मी हाय."

*

सकाळी ती सगळ्यांबरोबर मागच्या सीटवर बसली. त्यांना सोडून मी घरी आलो. आत उकडत होतं, म्हणून बाहेर ओट्यावर झोळी बांधली. बाळ भोकाड पसरून रडत होतं, मी दोरी ओढत होतो.

समोरचे तात्या थांबले. आमच्या गल्लीत सगळ्यांना नावं ठेवणारे तेच.

"सूनबाई आजारी हाय काय रं?"

"न्हाई. कामाला गेली."

तात्या तिथंच उभे राहिले. बाळ गप झालं तरी हलेनात. मग इकडंतिकडं बघितलं, चप्पल काढली अन् माझ्याशेजारी येऊन बसले.

"हे गप कसं केलंस रं?" हळूच म्हणाले. "आमची सून बी सोमवारपासून कामाला जानार हाय."

मी जरा सरकलो आणि दोरी त्यांच्या हातात दिली.